वेठीचा फेर

रेंग्याच्या नव्या घराचं आढं चढलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळपासून गावातली तीस-चाळीस माणसं खपत होती. सहा खांब उभे राहिले, त्यांवर तुळया बसल्या, आढ्याला नारळ बांधून झाला. पण वरून कौलं पेलायला वासे नव्हते. वासे जंगलातच पडले होते. तोडून, साल काढून, सरळ करून ठेवलेले. ते बाहेर आणायला जंगलखात्याच्या नाकेदाराचा पास लागत होता, आणि पासासाठी रेंग्यानं पंधरा दिवसांत चार खेपा घातल्या होत्या.

रेंग्याची आई बुधीबाई अंगणात भाकरी वाढत होती. नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. कोण जेवलं, कोण राहिलं, हे ती न बघता सांगत असे. उंबरदऱ्यात बावन्न घरं. ओढ्यापासून टेकडीपर्यंत कुठल्या घरात किती माणसं, कोण तापानं पडलंय, कुणाची सून माहेरी गेली, सगळं तिच्या डोक्यात असे. तिचा नवरा रायसिंग गावचा कारभारी. सरकारचा माणूस आला की त्याच्यासमोर उभं राहायचं ते रायसिंगनं. पण मागच्या पाच वर्षांत त्याचा एक कान गेला होता आणि दुसरा मनात आलं तरच चाले.

नाकेदार तट्टावरून आला. तो खालच्या तापीकाठचा, रनाळ्याकडचा माणूस. डोंगरात अकरा वर्षं काढली तरी जिभेवर अहिराणीच होती.

"कारभारी, आढं चढनं ना?" त्यानं खाली न उतरताच विचारलं.

"हो साहेब," रायसिंग म्हणाला.

"मंग आते आयक. सकाय रेंजरसाहेबना मुक्काम शे नाल्यावर. तठून सामान वरना बंगलापावत न्यावं लागीन. आठ माणसे, दोन गाडा. पानी भराले दोन बाया. चार कोंबड्या."

"हो साहेब."

रायसिंगनं यातलं अर्धंच ऐकलं असेल. पण तसंही पुढचं त्याच्याकडे नव्हतं. जेवणारी माणसं हात थांबवून बुधीबाईकडे बघायला लागली. आता वेठीचा फेर, फुकट राबायला जायची पाळी, कुणाच्या घरी आहे, हे तिनं सांगायचं होतं.

"बा, हो म्हणू नका."

धाकटा मुलगा बारक्या मागे येऊन उभा होता. तो मिशनच्या शाळेत मास्तर होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि गावाच्या वरच्या टोकाला, शाळेशेजारी, बायको जमुनाबाईला घेऊन वेगळं बिऱ्हाड केलं. हातात घडी घातलेला कागद होता. नवापूरच्या कचेरीच्या भिंतीवर लावलेल्या छापील नोटिशीची नक्कल त्यानं स्वतः उतरवून आणली होती.

"वेठ बंद झाली," तो नाकेदाराला म्हणाला. "नव्या सरकारचा हुकूम आहे. काम करून घ्यायचं तर मजुरी द्यायची. कोंबडीचेही पैसे द्यायचे. यात लिहिलंय."

नाकेदारानं कागद मागितला नाही. तो रेंग्याकडे वळला.

"कागद नवापूरमा शे, तुन्हा वासा जंगलमा शेतस. कोनतं पहिले पाहिजे ते तूच सांग तुन्हा भाऊले." त्यानं तट्टू वळवलं. "दिन उगता माणसे पाहिजेत."

तो गेला. माणसांनी मुकाट्यानं भाकरी संपवल्या, हात धुतले आणि एकेक करून उठून गेली.

दुपारी बिनछपराच्या घरात घरचीच माणसं उरली. रेंग्या खांबाला टेकून बसला होता. त्याची बायको गंगीबाई भांडी गोळा करत होती. रायसिंग आढ्याच्या सावलीच्या पट्ट्यात आडवा झाला होता.

"तुझं बरं आहे," रेंग्या भावाला म्हणाला. "तुला मिशननं घर बांधून दिलं. मला पावसाळ्याआधी छप्पर घालायचंय. एक दिवस आठ माणसं गेली तर काय आभाळ कोसळतंय?"

"एक दिवस?" बारक्या म्हणाला. "कळायला लागल्यापासून मी हेच ऐकतोय. एक दिवस. तुझ्या मुलांनाही तू हेच सांगशील."

"मी कारभारी होणार आहे. मला गाव चालवायचंय. तुला पाटीवर अक्षरं काढायची आहेत."

"भांडू नका," बुधीबाई म्हणाली. "नवा फेर कारभाऱ्याच्या घरापासून लागतो, मग ओढ्यापासून वर. मागच्या खेपेला टेकडीवरचं शेवटचं घर झालं. आता पहिलं आपलं."

"आया," बारक्या तिच्यासमोर येऊन बसला, "एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार."

"हा फेर तू का लावलास?"

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. संवत छप्पनच्या दुष्काळानंतरच्या वर्षी बुधीबाई लग्न होऊन या गावात आली. त्या वेळी शिपाई यायचा आणि वाटेवर दिसेल त्याला धरून न्यायचा. ओढ्याकाठचं पहिलं घर एका विधवेचं होतं. वाट तिच्या दारावरून जायची, म्हणून दर खेपेला तीच. एकदा तिला केसाला धरून ओढत नेताना बुधीबाईनं पाहिलं. त्या संध्याकाळी ती रायसिंगला म्हणाली, तुम्ही कारभारी आहात ना, मग शिपायाला सांगा, धरपकड करू नका, माणसं आम्ही देऊ. आणि घरांची पाळीही आम्हीच लावू. रायसिंगनं सांगितलं. शिपायालाही ते सोयीचं वाटलं. तेव्हापासून बाळंतीण, आजारी आणि सुतकातलं घर सोडून, बाकीच्यांनी ओळीनं जायचं. तक्रार कुणी केली नाही.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. तू गावावर दया केलीस. पण सरकारवरही केलीस. फेर नसता तर त्यांना दर वेळी माणूस धरायला लागलं असतं, दर वेळी मारामारी झाली असती. दहा वर्षांत गाव पेटून उठलं असतं. तू त्यांचं काम सोपं केलंस. माणसं आपल्या पायांनी चालत गेली."

गंगीबाईचा भांड्यांचा आवाज थांबला.

"तू केसाला धरलेली बाई पाहिलेली नाहीस," बुधीबाई म्हणाली. "दहा वर्षांनी गाव उठेल म्हणून मी तिला दहा वर्षं ओढून नेऊ द्यायची होती?"



"आणि फुलीबाई?" रेंग्या मध्येच म्हणाला. त्याला आईची बाजू घ्यायची होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "काकी गेली ती फेरातच गेली ना?"

फुलीबाई रायसिंगच्या धाकट्या भावाची बायको. तिच्या अंगात कणकण आहे हे बुधीबाईनं सकाळी हात लावून पाहिलं होतं. बाहेरचं घर असतं तर तिनं त्याला सोडलं असतं. पण कारभाऱ्यानं घरच्या माणसाला सूट दिली, असं गाव म्हणालं असतं, आणि मग दुसऱ्या दिवशी फेर कोण मानणार? फुलीबाई घाट चढून साहेबाची पेटी वर घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी वारली. दीर महिन्याभरात सारंगखेड्याकडे मजुरीला निघून गेला. तो परत आला नाही.

"गेली," बुधीबाई म्हणाली. "मी पाठवली म्हणून गेली. ते मला कुणी सांगायची गरज नाही."

ती उठली. रायसिंग जागा होता. त्याला कुठल्या कानानं काय ऐकू आलं कुणास ठाऊक, पण तो आढ्याकडे बघत म्हणाला, "मला ते काम कधीच आवडलं नाही. हो साहेब म्हणायचं."

"मग सांगितलं का नाही?" बुधीबाईनं विचारलं.

"तू विचारलं नाहीस. आणि तू ते नीट चालवत होतीस."

बुधीबाई दाराजवळ थांबली. मग बारक्यापुढे हात केला. "तो कागद दे."

"कशाला?"

"दे म्हणते."

सकाळी ती एकटीच निघाली. रेंग्याला वाटलं, घरोघर वेठीचं सांगायला निघाली. बारक्याला वाटलं, कागद फाडून टाकेल. दोघांपैकी कुणी तिला अडवलं नाही. आपापल्या परीनं दोघंही तिच्यावर रुसले होते. गंगीबाई तेवढी ओढ्यापर्यंत सोबत आली.

"आया, मी येऊ?"

"नको. घरातून एकाच माणसानं जायचं असतं."

नाल्याकाठी दोन तंबू लागले होते. जांभळाखाली खुर्चीवर रेंजर बसला होता, तिशीचा, चष्मा लावलेला, बदलून नवीनच आलेला. सामानाच्या पेट्या उतरून ओळीनं ठेवल्या होत्या. नाकेदारानं बुधीबाईला बघितलं आणि तिच्या मागच्या वाटेकडे बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"बाकीना कोठे शेतस?"

बुधीबाई त्याच्याजवळ थांबली नाही. ती सरळ खुर्चीसमोर गेली. तिला शाळेची मराठी बोलता येत नव्हती, पण चाळीस वर्षं कारभाऱ्याच्या मागे उभी राहून साहेबाला कळेल असं बोलायला ती शिकली होती.

"साहेब, आठ माणसं मागितली होती. फेरात माझं घर पहिलं, म्हणून मी आले. बाकीच्यांना मी सांगितलं नाही."

"का नाही?" रेंजरनं विचारलं.

तिनं कागद पुढे केला. "यात लिहिलंय ते खरं की खोटं, तेवढं तुम्ही सांगा. खोटं असेल तर दुपारच्या आत सात माणसं आणते. खरं असेल तर कुठली पेटी न्यायची ते दाखवा. एक नेईन. साठी आलीय, दोन नाही उचलणार."

रेंजरनं कागद वाचला. वाचून उलटा केला, मागं काही आहे का बघितलं. मग नाकेदाराकडे नजर टाकली. नाकेदार तट्टाचा तंग आवळायला लागला.

"वेठ कुणी मागितली?" रेंजर म्हणाला. "वेठ बंद आहे. मजूर मागितले होते. मजुरी मिळेल."

बुधीबाईनं मान हलवली. काल तट्टावरून जे मागितलं होतं त्यात मजुरीचा शब्द नव्हता, हे तिथल्या तिघांनाही माहीत होतं. ते तिनं बोलून दाखवलं नाही.

"मग दुपारी येतील माणसं. आणि वाशांचा पास?"

"कसले वासे?"

तिनं सांगितलं. रेंजरनं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हे तिला बोलता बोलता कळलं. त्याला फक्त सगळं कागदावर पाहिजे होतं.

"हे बघा बाई, गावातल्या माणसांना कामावर कोणी लावायचं, कोणाला सोडायचं, हे तुम्ही ठरवता असं नाकेदार सांगतो. कुठल्या नियमात बसतं हे? कारभाऱ्याची बायको म्हणून मी काय लिहू? गावात पाच माणसांची कमिटी करा. लिहिता येणारा एक असू दे. घरांना नंबर द्या. मजूर असो, चराई असो, लाकूड असो, अर्ज कमिटीचा येऊ दे. मी कमिटीशी बोलेन. पासही कमिटीच्या अर्जावर मिळेल."

"म्हणजे रायसिंगशी नाही बोलणार?"

"नाही. आणि तुमच्याशीही नाही," रेंजर म्हणाला. म्हणताना तो जरा हसला, तिला बरं वाटावं म्हणून.

तिनं हात पुढे केला. कागद परत घेतला आणि पदरात बांधला. मग ओळीतली सगळ्यात लहान पेटी डोक्यावर घेतली. रेंजर नको नको म्हणत उठला. "मजुरी द्या," ती म्हणाली आणि घाटाला लागली.

कमिटी झाली त्या दिवशी रविवार होता. बारक्याच्या शाळेच्या ओट्यावर प्रार्थना संपली आणि तिथंच गाव बसलं. ख्रिस्ती घरं बारा, बाकी चाळीस. बारक्याला मुख्य करायला चाळीस घरं तयार होणार नव्हती, हे बारक्याला कळत होतं. आणि रेंग्याला लिहिता येत नव्हतं. दोघं भाऊ बाजूला जाऊन बोलले. वर्षभरात ते एकमेकांशी एवढं बोलले नव्हते. परत आले तेव्हा ठरलं होतं. रेंग्या मुख्य, बारक्या चिटणीस, आणखी तीन पंच तीन पाड्यांचे.

"आणि मी?" रायसिंगनं विचारलं.

"तुम्ही आता बसा, बा," रेंग्या म्हणाला. तो मायेनंच म्हणाला.

रायसिंगनं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो ओढ्यावर मासे धरायला जाऊ लागला. इतका मोकळा त्याला बुधीबाईनं लग्नापासून पाहिला नव्हता. तिचे दोन्ही मुलगे एका बाजेवर शेजारी शेजारी बसून डोकं लावायचे, एक सांगायचा, एक लिहायचा. हे बघायला मिळावं म्हणून तिनं किती वर्षं देव पाण्यात घातले होते. ते मिळालं, तर तिला करायला काही उरलं नाही. नाकेदार आता शाळेच्या ओट्यासमोर तट्टू बांधायचा आणि खाली उतरून बोलायचा. तिच्या अंगणात तो पाणी प्यायलाही थांबत नसे.

पास आला. वासे आले. पौषात कौलं चढली, आणि माघात नव्या घरात गंगीबाईला मुलगी झाली.

चैत्र लागायच्या आधीच नाकेदारानं कमिटीला कागद दिला. जंगलाच्या कडेनं पालापाचोळा काढून जाळपट्टा करायचा, म्हणजे वणवा गावाकडून आत जाणार नाही. त्याबदल्यात गुरं चारायला जंगल मोकळं. कमिटीनं ते मान्य करून सही केली होती. चार दिवसांचं काम, घरटी एक माणूस, मजुरी नाही.

"म्हणजे वेठच की," मागून कुणीतरी म्हणालं.

"वेठ नाही," रेंग्या म्हणाला. "वेठ ते मागायचे. हे आपण कबूल केलंय. चराई आपलीच आहे."

बारक्या वहीतून वाचायला लागला. घर नंबर एक, घर नंबर दोन. ओट्याखाली बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांत बुधीबाई. नंबर ओढ्यापासूनच सुरू होत होते, तिच्या फेरासारखे. फक्त मध्येमध्ये ती मनात जे म्हणत होती ते वहीत नव्हतं. चौथ्या घरात म्हातारी शेवटच्या दिवसांवर आहे. नवव्या घरी बैल मेलाय. वहीत घर होतं आणि नाव होतं.

"घर नंबर अकरा," बारक्या वाचता वाचता अडखळला. "रेंग्या पंच, पंचांनी देखरेख करायची, म्हणून घरातून दुसरं माणूस. गंगीबाई."

बुधीबाईनं बोलायला तोंड उघडलं. पण तिच्या आधी शेजारून आवाज आला.

"मी जाणार नाही."

गंगीबाई उठून उभी राहिली होती. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. आठ वर्षांत गंगीबाई सासऱ्यासमोर मोठ्यानं बोललेली कुणी ऐकलं नव्हतं. तिला सांगायचं असेल ते ती सासूला सांगायची, आणि सासू पुढे सांगायची.

"लेकरू महिन्याचं आहे," ती म्हणाली. "घरातून माणूस पाहिजे तर पंच जाऊ दे. त्याला दोन हात आहेत. देखरेख करत करत पाला ओढता येतो. लिही, बारक्या."

लोक हसले. रेंग्याचं तोंड लाल झालं. त्यानं आईकडे बघितलं, तिनं काही म्हणावं म्हणून. बुधीबाई गप्प बसली. बारक्या लेखणी धरून भावाकडे बघत होता.

"लिही," रेंग्या शेवटी म्हणाला. "पाचही पंच जातील. सगळ्यांचं लिही."

बाकीच्या तीन पंचांनी चुळबुळ केली, पण आता बोलायची सोय नव्हती.

"आणखी कुणाचं काही असेल तर सांगा," बारक्या म्हणाला. "मला वहीतून कळत नाही."

 मग कालीबाई उठली. तिचा नवरा व्याऱ्याकडे उसाच्या कामावर गेला होता आणि घरात तीन लहान लेकरं होती. हे बुधीबाईला ठाऊक होतं. मग धनुबाई उठली.

"मला दिवस कलला की दिसत नाही," ती म्हणाली. "काम अंधार पडेपर्यंत चालतं. येताना मी पडते."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. वेठीला जायचे तेव्हा पुढच्या बाईचा पदर धरून यायचे."

धनुबाईनंतर तापीबाई उभी राहिली. तिच्या नवऱ्याला गाव आळशी म्हणत असे. तो घराबाहेर पडत नसे.

"त्याच्या डोक्यात फरक पडलाय," ती खाली बघत म्हणाली. "एकटा ठेवला तर निघून जातो, विहिरीत वाकतो. मी वेठीला जायचे तेव्हा त्याला खांबाला बांधून जायचे. आता मुलगी मोठी झालीय, ती ते बघते. तिच्यासमोर मला बांधायचं नाही."

बारक्यानं लिहिलं नाही. त्यानं लेखणी खाली ठेवली आणि मग पुन्हा उचलून लिहिलं.

धनुबाई तीस वर्षं फेरात होती. तापीबाई बारा. दोघींच्या दारात जाऊन बुधीबाईनं कितीदा सांगितलं होतं, उद्या तुमचं घर. दोघी बरं म्हणाल्या होत्या. सकाळी त्या निघालेल्याही तिनं पाहिल्या होत्या. गावातलं सगळं आपल्याला ठाऊक असतं, असं ती समजत आली होती, आणि गावही तसंच समजत होतं.

बायका एकामागून एक उठत गेल्या. मग पुरुषही. कुणी खरं सांगत होतं, कुणी उगाच. त्यावरून भांडण लागलं, नावं खोडली गेली, परत लिहिली गेली, वहीचं पान फाडून दुसरं घेतलं. नाकेदार दोनदा येऊन, अजून झालं नाही का, विचारून गेला. बावन्न घरांची यादी पुरी व्हायला दिवस मावळला. बुधीबाईच्या फेराला एवढा वेळ कधी लागला नव्हता.